वाडीने मिळून घेतलेले पत्रे सदोष निघाले तर : दाद कशी मागायची

कोकण किनाऱ्यावर आगोटीच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, वाड्यावाड्यांतून एकत्र खरेदी चालते. कुठे पाण्याच्या टाक्या, कुठे सौर दिवे, कुठे ताडपत्री, आणि बहुतेक ठिकाणी छपराचे पत्रे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले, आणि कौले उडालेल्या कितीतरी घरांवर पत्रे चढले. सगळ्यांनी मिळून घेतले की दर उतरतो, ट्रकचे भाडे वाटले जाते, मुंबईच्या चाकरमान्यांनाही एकदाच पैसे पाठवावे लागतात. अडचण उभी राहते ती माल खराब निघाल्यावर. पैसे बत्तीस घरांचे, बिल एकाचे, बोलणी तिसऱ्यानेच केलेली. वाडी दुकानात जाते आणि दुकानदार विचारतो, "तुमच्या नावाचं बिल दाखवा."

या प्रश्नाला उत्तर देता आले तर अर्धी लढाई तिथेच संपते. खरेदी एकत्र असली तरी प्रत्येक घर स्वतंत्र ग्राहक म्हणून कागदावर दिसले पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. पहिल्यांदाच अशा कामात पडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, म्हणून एकच उदाहरण धरून चालू. समजा, दापोली तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका वाडीने ३२ घरांसाठी रंगीत पत्रे घेतले, एकूण ८ लाख ६० हजार रुपयांचे. दुसरा पावसाळा यायच्या आतच कडांना गंज धरला आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले.

आधी बिल हातात घ्या

बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. एकत्र खरेदीत हमखास होते ते असे, की वाडीतल्या कोणाचा तरी पुतण्या किंवा जावई ठेकेदार असतो, त्याचा जीएसटी नंबर असतो, आणि "त्याच्या नावावर घेतले तर परवडेल" म्हणून बिल त्याच्या फर्मच्या नावावर फाडले जाते. दोन पैसे वाचतात, पण बिलावर खरेदीदार व्यापारी दिसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. पुढे ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या न्यायपीठात, तक्रार गेली की सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा) वकील पहिला मुद्दा हाच काढतो.

असे बिल झाले असेल तर हातपाय गाळू नका. ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या : माल मी वाडीतल्या अमुक घरांसाठी घेतला, पैसे त्यांनी दिले, मी त्यात नफा घेतला नाही, जीएसटीची वजावटही (खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या देय करातून वळता करणे) घेतली नाही. हे शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहायचे. त्याने वजावट घेतली असेल तर त्याच्या जीएसटी विवरणपत्रांत ती दिसते आणि सगळ्यांचेच म्हणणे कच्चे पडते.

बिल ग्रामस्थ मंडळाच्या नावावर असेल तर मंडळाची नोंदणी कशी आहे ते तपासा. कायद्यातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था येते, व्यक्तींचा संघही येतो, मग तो नोंदलेला असो वा नसो. पण मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर जपून. प्रतिभा प्रतिष्ठान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली, आधीच्या १९८६ च्या कायद्याखाली, ट्रस्टला ग्राहक तक्रार करता येत नाही असे ठरवले होते. तो वाद अंगावर घेण्यापेक्षा ज्यांच्या छपरावर पत्रे आहेत त्यांनीच तक्रारदार व्हावे, हे बरे.

वाडीचा तक्ता

बैठक घ्या. देवळात, शाळेत, कोणाच्या खळ्यात, कुठेही. एका वहीत प्रत्येक घरासाठी एक ओळ : घरमालकाचे नाव, दिलेली रक्कम, कशी दिली (रोख, यूपीआय, बँक), कोणाकडे दिली, किती पत्रे मिळाले, कधी बसवले, दोष पहिल्यांदा कधी दिसला, सही. मुंबईत असलेल्यांच्या सह्या गणपतीला घेऊ असे म्हणून थांबू नका. त्यांनी आपापल्या ओळीचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पोस्टाने पाठवावा.

यूपीआयचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत. त्या महिन्याचा बँक खातेउतारा काढा. ज्यांनी रोख दिले त्यांच्यासाठी पैसे गोळा करणाऱ्याची त्या वेळची वही, मग ती शाळेच्या वहीतली पाने का असेनात, मूळ स्वरूपात जपून ठेवा. नवी 'स्वच्छ' वही करण्याचा मोह आवरा. खाडाखोड असलेली जुनी वही नव्या कोऱ्या वहीपेक्षा जास्त विश्वासाची असते.

याच बैठकीत ठराव करा. दोघे-तिघे जण वाडीच्या वतीने बोलतील, आणि कोणीही एकट्याने दुकानदाराशी तडजोड करणार नाही, असा. कारण पुढे सांगतो.

दोष सिद्ध करणे

इथे घाई करू नका. 'गंज लागला' एवढे म्हणून भागत नाही. गंज का लागला हे दाखवावे लागते. कायद्याच्या भाषेत दोष म्हणजे गुणवत्ता, प्रमाण किंवा दर्जा यांत असलेली उणीव, आणि तो दर्जा कायद्याने ठरवलेला, करारात ठरलेला किंवा विक्रेत्याने स्वतः सांगितलेला असू शकतो. म्हणून विक्रेत्याने काय सांगितले होते ते आधी शोधा : कोटेशन, माहितीपत्रक, पत्र्यावरचा छापा, व्हॉट्सअॅपवरचे संदेश.

पत्र्याच्या बाबतीत दोन गोष्टी मोजता येतात. पहिली जाडी. '०.५० चा पत्रा' म्हणून विकलेला पत्रा खरोखर किती जाड आहे, हे जवळच्या आयटीआयमध्ये किंवा फॅब्रिकेटरकडे मायक्रोमीटरने कळते. एक पळवाट लक्षात ठेवा : काही जण रंग आणि जस्त धरून जाडी सांगतात, काही जण फक्त मूळ पोलादाची. कोटेशनवर कोणती लिहिली आहे ते पाहा. वजनावरूनही अंदाज येतो. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड पोलादाचे वजन ७.८५ किलो भरते. बारा फुटी, म्हणजे ३.६६ मीटरचा पत्रा घ्या, नाळींच्या चढउतारावरून सुतळी फिरवून त्याची सपाट रुंदी मोजा. ती १.२२ मीटर भरली तर ०.५० जाडीचा पत्रा सुमारे साडेसतरा किलोचा असायला हवा. चौदा किलोच भरला तर हातात ०.४० चा पत्रा आला आहे. जेटीवर मासळी तोलायचा काटा एवढ्या कामाला पुरतो.

दुसरी गोष्ट जस्ताचा थर. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी आयएस २७७ आणि रंगीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी आयएस १४२४६ ही भारतीय मानके आहेत. थर ग्रॅममध्ये सांगतात, दर चौरस मीटरला आणि दोन्ही बाजू मिळून : १२०, १८०, २७५ वगैरे. खाऱ्या हवेत जस्तच झिजत जाते आणि आतले पोलाद वाचवते, त्यामुळे थर पातळ असला की गंज लवकर उघडा पडतो. २७५ सांगून १२० दिला असेल तर तो उघड दोष आहे. पण हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. पत्र्यावर आयएसआयचा छाप असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये घालून पाहा, तो खरा आहे का आणि त्याच मालाचा आहे का ते कळते.

नमुने राखणे अत्यंत महत्त्वाचे. छपरावरून काढलेले, वेगवेगळ्या घरांचे किमान तीन-चार पत्रे आणि न वापरता उरलेला एखादा तुकडा असेल तर तोही. प्रत्येकावर घराचे नाव, काढल्याची तारीख आणि छपराची कुठली बाजू (समुद्राकडची की डोंगराकडची) हे लिहून, गुंडाळून, दोन पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवून कोरड्या जागी ठेवा. सगळे नमुने प्रयोगशाळेला देऊन टाकू नका. माल तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग स्वतः नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. त्या तपासणीची फी तक्रारदाराने भरायची असते. त्या वेळी हाताशी नमुना हवा.

आणि पावसाळा तोंडावर असेल तर? घर गळत ठेवून कोणी न्यायाची वाट पाहू नये. गरज असेल तिथे पत्रे बदला, पण आधी सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य आणि शक्य असेल तर एखादा अभियंता यांच्यासमोर पंचनामा करा, फोटो आणि व्हिडिओ काढा. बदलण्याचा खर्चही नुकसानभरपाईत मागता येतो, म्हणून नव्या पत्र्यांची आणि मजुरीची बिले जपा. फोनमधले फोटो, संदेश मूळ फोनमध्येच राहू द्या. ते सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

दुकानदार काय म्हणेल

तीन गोष्टी ठरलेल्या. "खाऱ्या हवेत कुठलाही पत्रा गंजतो." "तुम्ही माल पावसात भिजत ठेवलात." "तुमच्या फिटरने ग्राइंडर मारला." यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कधीकधी खऱ्याही असतात, हे वाडीने प्रामाणिकपणे आधी पाहून घ्यावे. पत्र्यांची चळत ओली राहिली की दोन पत्र्यांच्या मध्ये पांढरी बुरशीसारखी पूड धरते, तो जस्ताचा गंज असतो. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुतून बसतात आणि लाल ठिपके देतात. असा गंज कापलेल्या जागेच्या आसपासच असतो. मात्र बत्तीस घरांत वेगवेगळ्या फिटरांनी काम केले असेल आणि दोष सगळीकडे सारखा असेल, तर फिटरचा मुद्दा टिकत नाही. तक्त्यात 'कोणी बसवले' हा रकाना वाढवा तो यासाठी.

खाऱ्या हवेच्या मुद्द्याला उत्तर १९३० च्या माल विक्री अधिनियमात आहे. खरेदीदाराने माल कशासाठी हवा हे सांगितले आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून तो घेतला, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे ही अट कलम १६ नुसार गृहीत धरली जाते. 'समुद्रकिनाऱ्यावरच्या घरांसाठी' हे शब्द ऑर्डरमध्ये असतील तर सोने. नसतील तर माल पोचवण्याचा पत्ता, मालाबरोबर आलेले चलान, बोलण्यातले संदेश यांवरून दुकानदाराला जागा माहीत होती हे दाखवा. वॉरंटी कार्डावर किनाऱ्यालगत वॉरंटी लागू नाही असे बारीक अक्षरांत असते. ते कार्ड माल घेण्यापूर्वी दाखवले होते का, की ट्रकबरोबर आले, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

नोटीस

वकील असलाच पाहिजे असे नाही. साध्या मराठीत, एका पानात, दुकानदार आणि उत्पादक दोघांना पाठवा. मजकूर साधारण असा :

"आम्ही खाली सह्या करणारे ३२ कुटुंबप्रमुख अमुक गावचे रहिवासी आहोत. आपल्याकडून अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या बिलाने घरगुती वापरासाठी पत्रे घेतले. आपण जाडी ०.५० मिमी आणि जस्ताचा थर २७५ असल्याचे कोटेशनमध्ये लिहिले होते. प्रत्यक्ष तपासणीत जाडी अमुक आणि थर अमुक आढळला. सोबत तक्ता, फोटो व अहवालाची प्रत जोडली आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पत्र्यांची किंमत, काढण्या-बसवण्याचा खर्च आणि सदोष माल स्वखर्चाने उचलून नेण्याची व्यवस्था करावी. अन्यथा आम्ही ग्राहक आयोगाकडे दाद मागू."

स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोचल्याचा पुरावा घ्या, ईमेलही करा. फोनवर "बघतो, करतो" म्हणणाऱ्यालाही नोटीस पाठवाच. त्याच सुमाराला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथून आदेश मिळत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचते आणि काही वेळा एवढ्यानेच उत्पादकाचा माणूस पाहणीला येतो.

तक्रार कोणी करायची

तीन वाटा आहेत. प्रत्येक घराने आपापली वेगळी तक्रार करावी, ठराविक घरांनी मिळून एक संयुक्त तक्रार करावी, किंवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५(१)(सी) खाली एक-दोघांनी सारखे हित असलेल्या सगळ्यांच्या वतीने, आयोगाची परवानगी घेऊन, प्रातिनिधिक तक्रार करावी. तिसरी वाट मोठी आहे. परवानगीचा अर्ज, सगळ्यांचे हित सारखे कसे याचा तपशील, मग सर्वांना नोटीस आणि बहुधा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तिचा खर्च तक्रारदारांवर. शेकडो खरेदीदार विखुरलेले असतील तेव्हा तिचा उपयोग. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात स्पष्ट केले की काही ग्राहकांना फक्त स्वतःपुरती संयुक्त तक्रारही करता येते, त्यासाठी सगळ्यांचे प्रतिनिधी व्हावे लागत नाही. माझ्या मते वाडीला हीच दुसरी वाट सोयीची. नावे माहीत, माणसे समोर, बिल एक, दोष एक.

मच्छीमार आणि बागायतदार विचारतात, आमची जाळी, बर्फाच्या पेट्या, आंब्याची क्रेट्स धंद्यासाठीच असतात, मग आम्ही ग्राहक कसे? स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाही. स्वतःच्या होडीवर स्वतः जाणारा ग्राहक ठरू शकतो. चार ट्रॉलर आणि पगारी खलाशी असणाऱ्याला ते पटवून देणे अवघड. मच्छीमार सोसायटीने जाळी घेऊन सभासदांना विकली असेल तर तक्रार सभासदांनी करावी. बियाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन प्रकरणात शेतकऱ्यांना ग्राहक मानले, आणि सगळे बियाणे पेरून झालेल्या शेतकऱ्याने नमुना राखला नाही म्हणून त्याची तक्रार बुडत नाही असेही सांगितले.

ग्रामपंचायतीने सरकारी निधीतून घेतलेल्या दिव्यांचा प्रश्न वेगळा. तो आधी ग्रामसभेत आणि पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे न्या.

आयोगात

किंमत म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. रायगडचा आयोग अलिबागला, रत्नागिरीचा रत्नागिरीला, सिंधुदुर्गचा ओरोसला. दुकानदार कोल्हापूरचा असो की भिवंडीचा, तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या वाडीला २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण दुकानदाराच्या "पुढच्या महिन्यात बघू" वर दोन वर्षे जाऊ देऊ नका.

तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो, चाकरमान्यांना तो उपयोगी. मागणीत चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा : किंमत व्याजासह, काढण्या-बसवण्याचा खर्च, त्रासाबद्दल भरपाई, तक्रारीचा खर्च. पाचवी बहुतेक जण विसरतात, सदोष पत्रे सामनेवाल्याने स्वखर्चाने न्यावेत. आणि रक्कम तक्त्याप्रमाणे प्रत्येक घराला किती, ते नावानिशी मागा, म्हणजे आदेशानंतर वाडीत वाटणीवरून वाद होत नाही.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला म्हणणे मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत देता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये पक्के केले आहे. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने दिले आहेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात. दर तारखेला एकाच माणसावर भार पडू नये म्हणून आळीपाळी लावा.

तडजोडीची वेळ

तडजोडीचा प्रस्ताव येतोच, आणि तो सगळ्यांना येत नाही. सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या दोन-तीन घरांना गुपचूप पत्रे बदलून दिले जातात, त्यांच्याकडून "माझी काही तक्रार नाही" असे लिहून घेतले जाते, आणि तो कागद उरलेल्यांच्या विरोधात आयोगात येतो. म्हणून पहिल्या बैठकीतला ठराव. भाऊबंदकी, देवळातले मानपान, निवडणुकीतले जुने राग, सगळे या वेळी वर येते. बोलणी करणाऱ्यांनी दर आठवड्याला सगळ्यांना काय झाले ते सांगितले तर ही फूट बरीच टळते.

प्रस्ताव चांगला असेल तर जरूर घ्या. मध्यस्थीची सोय आयोगातच आहे. पण पुढच्या खरेदीवर सवलत घेऊन भागवू नका. पैसे, किंवा ठरलेल्या जाडीचा आणि थराचा, तपासणी अहवालासह आलेला माल, तोही पावसाच्या आधीच्या ठरावीक तारखेपर्यंत. सही 'सर्व हक्क सोडले' अशा छापील कागदावर न करता आयोगासमोर नोंदवलेल्या तडजोडीवर करा.

आदेश तुमच्या बाजूने झाला तर सामनेवाल्याला राज्य आयोगाकडे अपिलासाठी ४५ दिवस असतात, आणि आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तुमच्या विरुद्ध गेला तरी तुम्हालाही तेवढेच दिवस. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत, तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हा अर्ज दाखल होऊन नोटीस गेली की बरेचदा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) घेऊन माणूस स्वतः वाडीत येतो. त्या दिवशी तक्ता बाहेर काढा आणि प्रत्येकाच्या ओळीपुढे, मिळालेल्या रकमेसमोर, सही घ्या.